डेटा सेंटरचे मनुष्यबळ : शिकाऊ उमेदवारी आणि शिक्षणसंस्थांशी भागीदारी

डेटा सेंटर उभारण्यासाठी, चालवण्यासाठी आणि त्याच्या देखभालीसाठी लागणारे तंत्रज्ञ प्रत्यक्ष कामावर शिकवून घडवण्याची पद्धत. उमेदवाराला पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळते. तो बराचसा वेळ अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि उरलेला वेळ तंत्रनिकेतन, महाविद्यालय किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकतो. अभ्यासक्रम, यंत्रसामग्री आणि परीक्षा यांची जबाबदारी कंपनी व संस्था वाटून घेतात.

डेटा सेंटर म्हटले की सर्व्हरच्या रांगा डोळ्यांसमोर येतात, पण इमारतीचा खरा डोलारा वीज आणि गारवा यांवर उभा असतो. रोहित्रे, स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणे), यूपीएस, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर, चिलर (पाणी थंड करणारी यंत्रे), पंप, अग्निशमन आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी नियंत्रण प्रणाली असा हा पसारा असतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ॲश्रे या अमेरिकी अभियंता संघटनेची शिफारस आहे. बाहेरची वीज गेली तर जनरेटर काही सेकंदांत सुरू होतात आणि तोवर यूपीएसच्या बॅटऱ्या भार पेलतात. हे सगळे सांभाळणाऱ्याला वीजतंत्रीचे, शीतकरणाचे आणि नियंत्रण प्रणालीचे काम एकत्र समजावे लागते. पारंपरिक व्यवसाय-शिक्षणात हे तीन वेगवेगळे व्यवसाय असल्यामुळे नेमका असा माणूस तयार मिळत नाही. आजवर ही उणीव नौदल, वीजकेंद्रे आणि मोठे कारखाने यांतून आलेल्या अनुभवी माणसांनी भरून काढली. आता त्यांपैकी बरेच जण निवृत्तीच्या वयाला आले आहेत.

गरज किती मोठी आहे याचा अंदाज डेटा सेंटर क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये वर्तवला होता. जगभरातील डेटा सेंटरांना २०१९ मध्ये सुमारे २० लाख माणसे लागत होती, ती गरज २०२५ पर्यंत जवळपास २३ लाखांवर जाईल, असे त्यात म्हटले होते. शिवाय हे काम अहोरात्र चालते. आठवड्याचे १६८ तास एक जागा भरलेली ठेवायची, तर ४० तासांच्या आठवड्याने चारहून अधिक माणसे लागतात. रजा आणि प्रशिक्षण धरले की हिशेब पाचावर जातो.

शिकण्यातली अडचण

या क्षेत्रातले शिक्षण इतर यंत्रव्यवसायांहून एका कारणाने अवघड आहे. कारखान्यात यंत्र बंद पडते, उघडले जाते, दुरुस्त होते आणि शिकाऊ मुलाचा हात त्यावर बसतो. डेटा सेंटरची सारी रचनाच काही बंद पडू नये म्हणून केलेली असते. चालू भारावर प्रयोग करता येत नाहीत आणि खरी आणीबाणी क्वचितच येते. माणूस वर्षभर फेऱ्या मारून नोंदी करत राहील आणि तरीही ऐन वेळी त्याला काही सुचणार नाही, असे घडू शकते.

उदाहरणादाखल यूपीएस देखभालीसाठी बाजूला काढण्याचे काम पाहावे. आधी यूपीएसला स्वतःच्या अंतर्गत बायपासवर, म्हणजे इन्व्हर्टर टाळून वीज थेट पुढे नेणाऱ्या पर्यायी मार्गावर, न्यायचे. मग यूपीएसला पूर्ण वळसा घालणाऱ्या देखभालीच्या बायपासचा ब्रेकर चालू करायचा आणि त्यानंतरच यूपीएसचा आउटपुट ब्रेकर उघडायचा, म्हणजे तोडायचा. पहिली पायरी गाळली तर इन्व्हर्टर जळण्याचा धोका असतो. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली तर त्या वाहिनीवरचा भार तत्क्षणी जातो. म्हणून हे काम दोघे मिळून करतात. एक जण कार्यपद्धतीच्या कागदावरची पायरी मोठ्याने वाचतो. दुसरा ती शब्दशः उच्चारतो, ब्रेकरवरील क्रमांकाच्या पट्टीवर बोट ठेवतो, होकार मिळाल्यावरच हात घालतो, आणि मग वेळ लिहून खूण केली जाते. शिकाऊ उमेदवार आधी नुसता पाहतो, नंतर वाचणारा होतो आणि पुष्कळ दिवसांनी हात घालणारा. ही शिस्त वर्गातल्या फळ्यावर शिकवता येत नाही. अपटाइमच्या २०२२ च्या विश्लेषणानुसार सुमारे ४० टक्के संस्थांनी आधीच्या तीन वर्षांत मानवी चुकीमुळे सेवेत मोठा खंड अनुभवला होता. अशा घटनांपैकी ८५ टक्के घटनांमागे कार्यपद्धती न पाळणे किंवा कार्यपद्धतीतलाच दोष होता.

या अडचणीवरचा सर्वांत चांगला उपाय इमारत सुरू होण्यापूर्वीच्या चाचणीकाळात सापडतो. सर्व्हर अजून आलेले नसतात. त्यांच्या जागी लोड बँक, म्हणजे वीज खाऊन उष्णता देणारी उपकरणे, लावतात. मग मुद्दाम वीज तोडतात, चिलर बंद पाडतात, एखादा जनरेटर सुरूच होऊ देत नाहीत आणि सारी यंत्रणा कशी सावरते ते पाहतात. दहा वर्षांच्या नोकरीत दिसणार नाहीत इतके बिघाड या काही आठवड्यांत दिसतात, तेही कुणाचे नुकसान न होता. शिकाऊ उमेदवारांना या काळात जागेवर ठेवणे हा भागीदारीतला सर्वांत मोलाचा भाग मानायला हवा. बहुतेक प्रकल्पांत मात्र चाचणी बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते. चालवणारी माणसे ती संपता संपता रुजू होतात आणि शिकण्याची ही संधी वाया जाते.

कायदे

जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याखाली बहुतेक व्यवसायांची उमेदवारी दोन ते साडेतीन वर्षांची असते आणि उमेदवार कंपनी व शाळा अशा दोन्हीकडे शिकतो. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यावर उभ्या असलेल्या नोंदणीकृत उमेदवारीत कालावधीवर आधारित प्रकारासाठी कामावरचे किमान २,००० तास लागतात, वर्षाला १४४ तास वर्गशिक्षणाची शिफारस आहे आणि कौशल्य वाढेल तसे वेतन वाढते. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून ३० लाख पौंडांपेक्षा जास्त वार्षिक वेतनखर्च असलेल्या मालकांवर ०.५ टक्क्याचा उमेदवारी कर बसवला आहे. भारताचा शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात ऐच्छिक व्यवसायांची सोय झाली, त्यामुळे ठरीव यादीत नसलेला अभ्यासक्रमही उद्योगांना आखता येतो. डेटा सेंटरसारख्या नव्या क्षेत्राला ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

भागीदाऱ्यांची उदाहरणे

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागात डेटा सेंटरांची मोठी वसाहत आहे. तिथल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजने डेटा सेंटर चालवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. मायक्रोसॉफ्टची डेटासेंटर अकॅडमी स्थानिक महाविद्यालयांना सेवेतून काढलेले सर्व्हर व रॅक (सर्व्हर बसवण्याची कपाटे) प्रयोगशाळेसाठी देते. लंडनमधील यूटीसी हीथ्रो या १४ ते १९ वयोगटाच्या तांत्रिक शाळेत अनेक डेटा सेंटर कंपन्यांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम आखला. एकाच कंपनीने चालवलेल्या उपक्रमापेक्षा ही रचना टिकाऊ वाटते. तयार झालेला तंत्रज्ञ शेजारच्या कंपनीत जातो ही मालकांची नेहमीची तक्रार असते. खर्च सामायिक असेल तर तिची धार कमी होते.

यंत्रे दान मिळतात, शिक्षक मिळत नाहीत. पाळीत काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार महाविद्यालयाला परवडत नाही आणि पुस्तकी शिक्षकाने चालू स्विचरूम पाहिलेली नसते. कंपनीने आपला माणूस आठवड्यातून एक दिवस शिकवायला पाठवला आणि संस्थेच्या शिक्षकाला सुट्टीत जागेवर काम करू दिले, तरच ही फट बुजते. करारात बहुधा सर्व्हरची संख्या नीट नोंदवलेली असते, माणसांच्या वेळेबद्दल मात्र एक ओळही नसते.

दुसरा प्रश्न वेळेचा. मोठे डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभे राहू शकते आणि वीज किंवा शीतकरणाचा तंत्रज्ञ घडायलाही तेवढाच काळ लागतो. इमारतीचे उद्घाटन झाल्यावर महाविद्यालयाचे दार ठोठावणाऱ्या कंपनीला पहिली काही वर्षे दुसऱ्यांची माणसे पळवावी लागतात. पायाभरणीच्या वेळीच पहिली तुकडी निवडली, तर ती इमारत उभी राहताना पाहते, चाचणीत भाग घेते आणि केबल कुठल्या भिंतीआड गेली हे तिला नकाशा न उघडता ठाऊक असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरमुळे अभ्यासक्रम पुन्हा हलतो आहे. पूर्वी एका रॅकचा वीजभार बहुधा १० किलोवॉटच्या आत असे, नव्या रचनांत तो १०० किलोवॉटच्या पुढे गेला आहे. एवढी उष्णता हवेने वाहून नेता येत नाही, म्हणून द्रव थेट चिपपर्यंत नेला जातो. त्यामुळे नळजोडणी, गळती शोधणे आणि द्रवाची रासायनिक शुद्धता राखणे हे विषय आता प्रशिक्षणात येऊ लागले आहेत. त्यांसाठी वर्षानुवर्षे हवेच्या शीतकरणावर काम केलेल्या तंत्रज्ञांनाही पुन्हा वर्गात बसावे लागते.