पासवर्ड बरोबर, तरी मेल उघडेना : एका गोंधळाची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले की पांढरकवडा असो, मेहकर असो की सिंदेवाही, तालुक्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रावर गर्दी उसळते आणि एक तक्रार हमखास कानावर पडते : "भाऊ, पासवर्ड तं बरोबर हाये, मंग हे घेत काऊन नाही?" बोलणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. वहीतला पासवर्ड बरोबरच असतो. समोरचा पडदा मात्र भलत्याच खात्याचा मागत असतो. कधी कधी तर खातंही तेच, पासवर्डही तोच, आणि तरी नकार. यात माणसाच्या अडाणीपणाचा वाटा फार थोडा आहे. साठ वर्षांत निरनिराळ्या गरजांसाठी केलेल्या सोयी एकीवर एक चढत गेल्या, आणि विदर्भातल्या खेड्यांत त्या सगळ्या मिळून दहा-पंधरा वर्षांत येऊन धडकल्या.

संगणकाला पासवर्ड लागला तो एकाच यंत्रावर अनेकांना काम करायचं होतं म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. संगणक एक, त्याला जोडलेली टर्मिनल म्हणजे टाइप करायची यंत्रं अनेक, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, वापराचा वेळही वाटून दिलेला. ज्याचं त्याच्यापाशी राहावं म्हणून पासवर्ड. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये एका बिघाडामुळे तीच यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाच्या जागी दिसली. म्हणजे पासवर्ड फुटायची परंपरा जुनीच. पण तेव्हा यंत्र एक होतं, खातं एक होतं, आणि पासवर्ड दरवेळी हातानं टाकावा लागे, त्यामुळे तो लक्षात राही.

ई-मेल आली ती यानंतर. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह घातलं. पुढे १९८२ मध्ये मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत ठरली, तेव्हा पाठवणाऱ्याला 'तू कोण?' असं विचारायची सोयच तिच्यात नव्हती. मेल उतरवून घेण्याच्या पद्धती वेगळ्या : पॉप १९८४ ची, आयमॅप १९८६ ची. त्यांना पासवर्ड लागायचा. पाठवतानाही पासवर्ड विचारण्याची पद्धत १९९९ मध्ये ठरली. म्हणून आउटलुक या संगणकावरच्या मेल प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्या मेलचा वेगळा, आणि पासवर्ड दोन्हीकडे भरायचा. एकीकडे बदलला आणि दुसरीकडे तसाच राहिला की जिनिंगच्या ऑफिसातला मुनीम सांगतो, "मेल येते, पन जात नाही." इंटरनेटवाल्याला फोन जातो, वायर काढून लावली जाते. खरा दोष १९८२ आणि १९९९ मधल्या सतरा वर्षांचा.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं विदेश संचार निगमनं, १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ ला, साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढली. आता मेल ब्राउजरमध्ये उघडू लागली. स्वतःचा संगणक नसला तरी चालेल, कॅफेत जा आणि बघा. आधी नागपूर-अमरावतीला, मग तालुक्याला कॅफे निघाले. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, सरकारी नोकरीच्या जाहिरातींत ती मागू लागले, आणि गावोगावच्या पोरापोरींनी पहिला मेल आयडी काढला तो त्या क्लासमध्ये. म्हणजे काढून दिला सरांनी. याहू नाहीतर रेडिफवर, पुढे जीमेलवर. जीमेल १ एप्रिल २००४ ला आली तेव्हा एक जीबी जागा ही थट्टा वाटावी एवढी मोठी होती, आणि २००७ पर्यंत ती निमंत्रणावरच मिळे. परीक्षेपुरता काढलेला तो आयडी पुढे कोण उघडतो!

मेल आयडी खऱ्या अर्थानं घरोघर शिरला तो फॉर्ममधल्या एका रकान्यातून. २०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले आणि ऐन हंगामात शेतकरी केंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले. मग महाडीबीटी, शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश. ज्यांनी आयुष्यात मेल पाठवली नाही त्यांचाही आयडी लागला. रांग दाराबाहेर गेलेली असताना केंद्रचालक दोनपैकी एक करायचा : स्वतःचाच आयडी टाकायचा, नाहीतर घाईघाईत नवा काढून द्यायचा. अशा केंद्राची लांब वही एकदा बघावी. डावीकडे नाव, मग आयडी, मग पासवर्ड, आणि पानभर एकच नमुना : नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, पुढे @, पुढे एक-दोन-तीन. त्याला दोष देऊन उपयोग नाही. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह असा पासवर्ड हवा आणि तो वरचेवर बदलावा, ही शिकवण अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरली. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेनंही सल्ला बदलला : लांब पासवर्ड ठेवा, उगाच बदलू नका. आपली पोर्टलं अजून २००३ मध्येच आहेत.

तोवर स्मार्टफोन आला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं सिम आलं, डेटा स्वस्त झाला, आणि फोन खेड्यात पोचला. प्ले स्टोअर उघडायला गूगलचं खातं लागतंच. मोबाइलच्या दुकानातला पोरगा विचारतो, "काकाजी, जीमेल हाये का?" काकाजी म्हणतात, "तूच काढून दे बाप्पा." झाला तिसरा आयडी. क्लासचा एक, केंद्राचा एक, दुकानाचा एक. नवा फोन घेतला की चौथा. मग फोन बदलल्यावर नंबर आणि फोटो 'गेले' अशी ओरड होते. ते बिचारे जुन्या आयडीत सुखरूप असतात. जुना फोन विकत घेतला तर वेगळीच गंमत. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून चोरीला आळा घालणारी सोय आली : फोन रिकव्हरी मेन्यूतून पुसून पुन्हा चालू केला तर तो आधीच्या गूगल खात्याची ओळख मागतो. विकणाऱ्याला ते खातं आठवत नाही, कारण ते त्यानं काढलेलंच नसतं.

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र एका चांगल्या सुधारणेनं केला. पूर्वी एखाद्या अ‍ॅपला तुमची मेल बघायची तर तुमचा पासवर्डच त्याच्या हवाली करावा लागे. हे धोक्याचं होतं. म्हणून २००७ मध्ये ओऑथ नावाची पद्धत निघाली आणि २०१२ मध्ये तिची दुसरी, आज चालणारी आवृत्ती ठरली. यात पासवर्ड फक्त गूगलच्या पानावर टाकायचा. गूगल अ‍ॅपला एक परवाना देतं, टोकन म्हणतात त्याला, आणि पुढे त्या परवान्यावर काम चालतं. फोनमध्ये जीमेल वर्षानुवर्षं पासवर्ड न मागता उघडते ती यामुळेच. सुरक्षिततेच्या दृष्टीनं उत्तम, पण चार वर्षं ज्याची गरज पडली नाही तो पासवर्ड कोणाच्या डोक्यात राहणार? नव्या फोनवर तो मागितला जातो आणि तिथे गाडी अडते.

यातूनच लॉगिनच्या दोन तऱ्हा झाल्या. काही अ‍ॅपमध्ये 'गूगलने साइन इन करा' असं बटण असतं. ते दाबलं तर त्या अ‍ॅपचा पासवर्ड म्हणून काही नसतोच. काही ठिकाणी मेल आयडी लिहून पुढे पासवर्ड टाकायचा असतो. इथे मेल आयडी नुसता नाव म्हणून वापरलेला आहे, आणि पासवर्ड त्या पोर्टलचा स्वतःचा. वर जीमेल आयडी दिसतो म्हणून माणूस खाली जीमेलचा पासवर्ड टाकतो, पोर्टल नाकारतं, मग तो जीमेलचाच पासवर्ड बदलतो. पोर्टल तरी नाकारतं, आणि आता घरातल्या दुसऱ्या फोनमधली जीमेलही बाहेर पडते. केंद्रावरचे निम्मे घोळ या एका वळणावरचे असावेत असा माझा अंदाज आहे. त्यात गूगल पेची भर. नावात गूगल असलं तरी पैसे पाठवतानाचा यूपीआय पिन बँक खात्याचा. जीमेलशी त्याचा काडीचा संबंध नाही.

बरोबर पासवर्ड नाकारला जाण्याचंही कारण या इतिहासात आहे. नुसत्या आयडी-पासवर्डवर आत शिरणाऱ्या जुन्या अ‍ॅपना गूगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांचं दार बंद केलं. हॉटमेल-आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. जुनं आउटलुक, स्कॅन थेट मेलवर टाकणारं झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन, जुन्या टॅबमधलं मेलचं अ‍ॅप, सगळी एकाएकी पासवर्ड मागत बसली, कितीही वेळा बरोबर टाकला तरी. जीमेलच्या बाबतीत अशा यंत्रांसाठी एक पळवाट आहे : खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढायचा. तो एकदाच दिसतो, आणि मुख्य पासवर्ड बदलला की रद्द होतो. हे ज्याला माहीत नाही तो बिचारा मशीनच बिघडलं म्हणून मेकॅनिक बोलावतो.

काही कारणं तर कीबोर्डात दडलेली आहेत. मराठी कीबोर्ड चालू असला की कधी कधी आकडे देवनागरी पडतात, आणि ठिपक्यांमागे ते कळत नाही. काही रकान्यांत फोन पहिलं अक्षर आपसूक कॅपिटल करतो, सुचवलेला शब्द निवडला तर मागे मोकळी जागा सोडतो. डोळ्याचं बटण दाबून पासवर्ड उघडा बघितला की निम्मं भांडण तिथेच मिटतं. उलट जीमेलच्या पत्त्यातल्या टिंबानं काही फरक पडत नाही. टिंब घातलं काय, गाळलं काय, खातं एकच. लोक मात्र त्यावरच अर्धा तास घालवतात.

पासवर्ड विसरला तर ओटीपी आहे, पण तो जुन्या नंबरवर जातो. फुकटच्या सिमच्या दिवसांत नंबर भराभर बदलले गेले. वापरात नसलेला नंबर बंद होतो, आणि त्यानंतर नव्वद दिवस गेले की कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. आधारला नवा नंबर जोडला म्हणून जीमेलचा बदलत नाही, ही दोन वेगळी दप्तरं. रिकव्हरीसाठी दिलेला मेल बऱ्याचदा केंद्रचालकाचाच निघतो. शिवाय दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे, तेव्हा क्लासमधला तो जीमेल आयडी कदाचित उरलाही नसेल. गेलेला पत्ता पुन्हा कोणाला मिळत नाही, त्याच माणसालाही नाही.

आता पासवर्डच नको म्हणून पासकी आली आहे. गूगल खात्यांना ती मे २०२३ पासून मिळते : फोन उघडण्याचं बोट, चेहरा किंवा पॅटर्न, तेच मेलसाठी चालतं. वहीची गरज संपते खरी. पण जिथे घरात फोन एक आणि त्याचा पॅटर्न लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, तिथे तोच पॅटर्न मेलही उघडतो. सामायिक फोनवर पासकी ठेवू नका असं गूगलही सांगतं. अशा घरांसाठी सध्या तरी एकच आयडी, एकच लांब पासवर्ड, रिकव्हरीला घरातलाच चालू नंबर आणि केंद्राऐवजी स्वतःच्या घरची वही, एवढंच हाती उरतं.