अमेरिकन काव्यातील आरंभीचा स्वच्छंदतावाद

अमेरिकेतील इंग्रजी कवितेत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारणतः १८३६ पर्यंत आढळणारी स्वच्छंदतावादी (रोमँटिक), म्हणजे निसर्ग, भावना व कल्पनाशक्ती यांना प्राधान्य देणारी प्रवृत्ती. कालखंडाची अखेर केवळ सोयीसाठी धरलेली आहे. १८३६ मध्ये विचारवंत राल्फ वॉल्डो एमर्सनचे ‘नेचर’ हे निबंधात्मक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तेथून पुढच्या काव्याचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो.

आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक फिलिप फ्रेनो (१७५२–१८३२) याच्या ‘द वाइल्ड हनीसकल’ (१७८६) या कवितेपासून सुरुवात धरतात. आडवाटेला फुलून कोमेजणारे रानफूल हा तिचा विषय. वर्ड्‌स्वर्थ व कोलरिज या इंग्रज कवींच्या, इंग्लंडमधील स्वच्छंदतावादाचा आरंभ मानल्या जाणाऱ्या ‘लिरिकल बॅलड्‌स’च्या (१७९८) ती बारा वर्षे आधीची. मात्र तिची सहा-सहा ओळींची घोटीव कडवी आणि तात्पर्याकडे झुकणारा शेवट अठराव्या शतकाच्या वळणाचा आहे. फ्रेनोला अग्रदूत म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरा पक्ष विल्यम कलन ब्रायंट (१७९४–१८७८) याच्या ‘थॅनटॉप्सिस’ला आद्य मान देतो. या ग्रीक शीर्षकाचा अर्थ ‘मृत्युदर्शन’ असा असून ते कवीने नव्हे, संपादकांनी दिले. कवितेचा रचनाकाळ परंपरेने १८११ मानतात. काही अभ्यासक तो १८१५ पर्यंत पुढे आणतात. वडील डॉ. पीटर ब्रायंट यांनी मुलाच्या कविता बॉस्टनच्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकाकडे दिल्या व सप्टेंबर १८१७ मध्ये ही कविता छापली गेली. त्या वेळी मृत्यूवरचीच, पण वेगळी असलेली चार सयमक कडवी चुकून तिच्या आरंभी जोडली गेली. अटलांटिकच्या या तीरावर असे कोणी लिहूच शकत नाही, असा संशय संपादक मंडळातील रिचर्ड हेन्री डेना याने व्यक्त केल्याचे सांगतात.

१८१७ च्या पाठात मृत्यूचे वर्णन थडगे-काव्याच्या (मृत्यू व कबरी यांवर चिंतन करणाऱ्या अठराव्या शतकातील इंग्रजी कवितेच्या) धाटणीचे आहे: माणूस मातीचे ढेकूळ होतो, ओकची मुळे त्याच्या देहात शिरतात. हे सारे कोण बोलते, ते तेथे स्पष्ट नाही. १८२१ च्या संग्रहात ब्रायंटने आरंभी व शेवटी नव्या ओळी घातल्या आणि तेच शब्द निसर्गाच्या तोंडी दिले. ख्रिस्ती परलोकाचे आश्वासन मात्र कोठेच नाही. खरा स्वच्छंदतावादी पाठ १८२१ चाच, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो. कवितेचा छंद निर्यमक, पाच गणांचा आयँबिक (प्रत्येक गणात आघातहीन अवयवानंतर आघातयुक्त अवयव). ‘टू अ वॉटरफाउल’मध्ये (१८१८) याउलट कडव्याच्या पहिल्या व चौथ्या ओळी आखूड आहेत.

१८३२ मधील इलिनॉयच्या प्रवासानंतर ब्रायंटने ‘द प्रेअरीज’ लिहिली. तेथील विस्तीर्ण माळरानांना इंग्लंडच्या भाषेत नावच नाही, असे तो म्हणतो. ‘प्रेअरी’ हे नाव मुळात फ्रेंच. तेथील प्राचीन मातीचे उंचवटे एका लुप्त वंशाने उभारले व मूलनिवासींनी त्या वंशाचा नाश केला, हा तेव्हाचा प्रचलित समज कवितेत जसाच्या तसा उतरला आहे. पुढे पुरातत्त्वाने तो खोडून काढला. मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा १८३० चा असल्याने या कल्पनेकडे आता निरागसपणे पाहिले जात नाही.

एडगर ॲलन पो याचा ‘टॅमर्लेन’ (१८२७) हा पहिला संग्रह ‘एक बॉस्टनकर’ या नावाने निघाला. त्यावर इंग्रज कवी बायरनची छाप आहे. लिडिया सिगर्नी (१७९१–१८६५) ही कवयित्री लोकप्रिय होती. ओजिब्वे (उत्तर अमेरिकेतील एका मूलनिवासी जमातीची भाषा) व इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्टचे (१८००–४२) लेखन बहुतांशी हस्तलिखितातच राहिले. ते २००७ मध्ये संग्रहरूपाने आले.