आँतीबचं पिकासो म्युझियम : वार बदलण्याआधी एवढं वाचा

आमच्या सहलीतल्या, दक्षिण फ्रान्समधल्या नीसच्या मुक्कामाचा कार्यक्रम हातात पडला की शेजारच्या आँतीब गावाबद्दल पहिला फोन ठरलेला. "सोमवार मोकळाच दिसतोय, आँतीब तेव्हाच उरकू या का?" नका उरकू. आँतीबचं म्युझियम सोमवारी बंद असतं. नीसमधली मातीस आणि शागाल या चित्रकारांची म्युझियम मंगळवारी बंद. आँतीब सोमवारी ओढलं आणि ती दोन मंगळवारवर ढकलली, की दोन्ही दिवस कुलूपच बघायचं. आमच्याकडचं एक कुटुंब परस्पर वार बदलून हेच करून आलं. उन्हाळा सोडला तर दुपारी एक ते दोनही बंद. पुणेकरांना याचं नवल वाटू नये. म्हणून आम्ही सकाळी दहाला दारात उभे करतो. "इतक्या लवकर कशाला" ही तक्रार दरवर्षी येते, येऊ दे.

दुसरा प्रश्न : पिकासो पॅरिसला बघितला, बार्सिलोनाला बघितला, परत कशाला? कारण ही चित्रं याच वास्तूत रंगवलेली आहेत. समुद्राच्या तटाला लागून असलेला हा ग्रिमाल्दी घराण्याचा किल्ला. १९४६ च्या शरद ऋतूत पिकासोला इथला मजला स्टुडिओ म्हणून मिळाला. युद्ध नुकतंच संपलेलं, कॅनव्हासची टंचाई. त्याने प्लायवूड घेतलं, छपराला घालतात तसले सिमेंटचे पत्रे घेतले आणि साधा ऑइलपेंट वापरला. 'जगण्याचा आनंद' हे अडीच मीटर लांबीचं चित्र अशाच पत्र्यावर आहे. जाताना २३ चित्रं आणि ४४ रेखाटनं तो इथेच ठेवून गेला. जवळ जाऊन पत्र्याचा पोत बघा. फोटोत तो कळत नाही. गच्चीवर जर्मेन रिशिएची शिल्पं आहेत, मागे नुसता समुद्र. आमची माणसं इथेच सर्वांत जास्त रेंगाळतात, म्हणून आम्ही पाऊण तासाऐवजी दोन तास धरतो.

बस का नाही? जुन्या गावाच्या गल्ल्यांत ती शिरत नाही. नीसहून ट्रेनने अर्ध्या तासात आँतीब, तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं. परतताना शेजारचा भाजीबाजार आटपायच्या आत गाठू. या किनाऱ्यावर सोका नावाचं हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं मिळतं. शाकाहारी मंडळींची सोय होते, फक्त वरून मिरपूड जास्त असते.

स्वतंत्र जाणाऱ्यांनाही आम्ही वार आणि वेळा लावून देतो. विमानाची तिकिटं काढण्याआधी फोन करा, नंतर नको.