इटालियन आडनावांचे इंग्रजी उच्चार

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजीभाषक देशांत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांची आडनावे कागदावर बहुधा जशीच्या तशी राहिली, उच्चार मात्र पिढीगणिक बदलत गेले. बेसबॉलपटू जो डिमॅजिओ याचे आडनाव इटलीत ‘दि माज्जो’ असे उच्चारतात. स्पेलिंग तेच, फक्त वाचणाऱ्याची भाषा बदलली.

1880 ते 1920 या चाळीस वर्षांत सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुसंख्य सिसिली, कालाब्रिया, कांपानिया अशा दक्षिणेकडच्या गरीब भागांतले शेतमजूर आणि कारागीर होते. त्यांच्या आडनावांची लिपी रोमन, म्हणजे इंग्रजीचीच, आणि घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. चिनी किंवा अरबी नाव इंग्रजीत आणताना निदान लिप्यंतर करावे लागते; इटालियन नाव समोर आले की इंग्रजी वाचक ते थेट आपल्या सवयीने वाचून मोकळा होतो.

इटालियन लेखन बरेच नियमबद्ध आहे. ‘ई’ किंवा ‘आय’ या अक्षरांपूर्वी ‘सी’ आला की त्याचा ‘च’ होतो आणि मध्ये ‘एच’ घातला की ‘क’. इंग्रजीत ‘सी-एच’ म्हणजे बहुधा ‘च’. त्यामुळे ‘बियांकी’चे ‘बियांची’ होते आणि ‘स्क्याव्हो’चे ‘शायव्हो’. ‘ए’, ‘ओ’, ‘यू’ यांपूर्वी ‘जी’ला ‘ज’ करण्यासाठी मध्ये ‘आय’ लिहितात. तो निव्वळ खुणेचा असतो, उच्चारात येत नाही. इंग्रजीने त्याला खरा स्वर मानले, आणि ‘माज्जो’चे ‘मॅजिओ’ झाले. ‘जी-एल-आय’ या अक्षरांनी इटालियनमध्ये ‘ल्य’सारखा मऊ ध्वनी दाखवतात. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचे माजी आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांचे आडनाव इटालियन तोंडी ‘ताल्याबूए’ आहे. मोटार उद्योगातले ली आयाकोका मुळात ‘याकोक्का’. अभिनेता स्टीव्ह बुसेमी यांचे आडनाव सिसिलीतल्या एका गावाचेही नाव आहे. तिथे ते ‘बुश्शेमी’. बरेच अमेरिकन ‘बुशेमी’ म्हणतात आणि ते स्वतः ‘बुसेमी’.

‘याकोक्का’तला दुहेरी ‘क’ मराठी माणसाला अवघड नाही. ‘पक्का’ म्हणताना आपण तेच करतो. इटालियनमध्ये या द्वित्वाने अर्थ बदलतो: ‘कापेल्लो’ म्हणजे केस आणि ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. इंग्रजीला शब्दाच्या पोटातले द्वित्व ऐकूच येत नाही, म्हणून ते आडनावांतून पार गेले, काही वेळा स्पेलिंगमधूनही. नॅन्सी पेलोसी यांच्या माहेरच्या ‘डॅलेसँड्रो’ या आडनावात दोनऐवजी एकच ‘एस’ उरला आहे. शिल्पकार पाओलोत्सी यांच्या नावातला ‘त्स’ तर आपल्या ‘चूक’ मधल्या दंत्य ‘च’चा सख्खा शेजारी. देवनागरीत ही आडनावे रोमनपेक्षा नेमकी लिहिता येतात, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

सर्वांत जास्त हाल झाले ते शेवटच्या ‘ए’ या स्वराचे. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी लिहिलेले ‘ई’ (e) हे अक्षर बहुधा मुके असते, म्हणून ‘कापोने’चे ‘कपोन’ आणि ‘स्ताल्लोने’चे ‘स्टलोन’ झाले. तो स्वर टिकला तिथे त्याचा उच्चार बरेचदा ‘ई’ झाला: पियानोवादक ‘लिबेराचे’चे ‘लिबराची’. परदेशी राहणाऱ्या साठे, काळे, दाते मंडळींना हा अनुभव नवा नाही. रोमन लिपीतले ‘काळे’ इंग्रजी वाचकाला ‘केल’ ही पालेभाजी वाटते आणि ‘दाते’ खजूर.

पण सगळा दोष इंग्रजीवर टाकणे अन्यायाचे होईल. 1861 मध्ये इटली एक झाली तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे जेमतेम अडीच टक्के होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते, आणि बोटीत चढले तेही तीच बोली घेऊन. नापोलीच्या (नेपल्सच्या) बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर इतका पुसट होतो की परक्या कानाला तो गळालाच असे वाटते. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत ‘कापोकोल्लो’ या मांसप्रकाराला इटालियन-अमेरिकन लोक ‘गाबागूल’ म्हणतात, ते याच बोलींच्या वळणाने. अमेरिकेतला कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याचे आईवडील नापोलीच्याच परिसरातले. त्या मुलखातल्या बोलीत ‘कापोने’चा शेवटचा ‘ए’ आधीच अर्धा विरलेला. इंग्रजीने उरलेला अर्धा घालवला. तेव्हा ‘मूळ उच्चार’ म्हणून आज रोममधला प्रमाण उच्चार पुढे करणे म्हणजे त्या कुटुंबांवर कधीच नसलेली भाषा लादणे आहे.

न्यू यॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या स्थलांतरित-तपासणी केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही समजूत अनेक घरांत श्रद्धेने सांगितली जाते. ती खरी नाही. 1892 मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्रावर निरीक्षक नावे नव्याने लिहीत नसत. बोट सुटण्याच्या बंदरात तयार झालेल्या प्रवासीयादीवरून ते तपासणी करत. शिवाय तिथे दुभाषे होते. पुढे न्यू यॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया 1907 ते 1910 तिथेच दुभाषे होते. नावे बदलली ती नंतर, शाळेच्या हजेरीत, कारखान्याच्या पगारपत्रकावर, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि पुष्कळदा स्वतःच्या मर्जीने. गायक अँथनी बेनेडेट्टो ‘टोनी बेनेट’ झाला, डीनो क्रोचेत्ती ‘डीन मार्टिन’. जॉन बॉन्जोव्ही याने उलटे केले: उच्चार राखण्यासाठी स्पेलिंगच फोडून ‘बॉन जोव्ही’ केले.

या मर्जीमागे भीतीही होती. 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने 11 इटालियनांना ठार मारले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची भाषा बोलू नका, अशी भित्तिपत्रके अमेरिकेत लागली. ब्रिटनने इटालियन पुरुषांना नजरकैदेत टाकले, आणि त्यांतल्या अनेकांना कॅनडाला नेणारी ‘अरँडोरा स्टार’ ही बोट जुलै 1940 मध्ये बुडवली गेली. वर उल्लेख आलेल्या पाओलोत्सींचे वडील आणि आजोबा तिच्याबरोबरच बुडाले. अशा काळात आपले आडनाव शेजाऱ्याला सोपे वाटेल असे उच्चारणारा बाप मुलांना सांभाळत होता. त्याला आळशी म्हणू नये. पुढच्या पिढीतले काहीजण मागे वळले: वडिलांनी ‘फर्लिंग’ केलेले आडनाव कवी लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी 1955 च्या सुमारास पुन्हा पूर्ण लिहायला घेतले.

उच्चार एकाच माणसाच्या आयुष्यातही हलतो. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांचे वडील इटलीतल्या बार्लेत्ताचे. इटालियन उच्चार ‘अल्बानेझे’, ऑस्ट्रेलियात ‘अल्बनीझ’ आणि ‘अल्बनीझी’ दोन्ही चालतात. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन यांनी स्वतःच आपले आडनाव कधी ‘डीसँटिस’ तर कधी ‘डेसँटिस’ असे उच्चारल्याच्या बातम्या 2023 मध्ये आल्या होत्या.

मराठी वृत्तपत्रे ही नावे इंग्रजीवरून घेतात, आणि इंग्रजीभाषक देशात वाढलेल्या माणसाबाबत ते योग्यच आहे. तो ‘स्टलोन’ म्हणत असेल तर आपण ‘स्ताल्लोने’ लिहू नये. इटलीत राहिलेल्यांचे तसे नाही. मिलानमध्ये फॅशनसंस्था उभारलेल्या फॅशनकाराचे आडनाव ‘व्हर्साची’ नसून ‘व्हेर्साचे’ आहे, आणि मराठीत ते तसे लिहायला काहीच अडचण नाही.