दोन-तीन लूपच्या मॉडेल रेल्वेसाठी वीज आणि डीसीसी वायरिंग

आमच्याकडून डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे एकाच रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देण्याची पद्धत) संच घेऊन गेलेल्या ग्राहकांचे फोन साधारण तीन प्रकारचे असतात. गाडी स्टेशनासमोर झकास पळते, पण मागच्या कोपऱ्यात रेंगाळते. आतल्या लूपवरून बाहेरच्या लूपवर नेली की सगळेच बंद पडते. किंवा एका इंजिनाला हुकूम दिला आणि दोन इंजिने हलली. तिसऱ्याचे उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येते. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ मात्र फळीखालच्या वायरिंगमध्ये असते, आणि रूळ बसवून, खडी चिकटवून झाल्यावर तिथे हात घालणे जिवावर येते. म्हणून हे पत्रक पहिला रूळ ठोकायच्या आधी वाचा.

इथले सगळे दोन रुळांच्या पद्धतीसाठी आहे, दोन मापांत : एचओ (१:८७, रुळांमधले अंतर १६.५ मिमी) आणि एन (१:१६०, अंतर ९ मिमी). मार्कलिन कंपनीच्या मधल्या वाहकाच्या एचओ रुळांचे गणित वेगळे, त्यासाठी आमच्याशी बोला.

रुळांतून काय वाहते

जुन्या डीसी पद्धतीत रुळांतल्या व्होल्टेजवर गाडीचा वेग ठरतो आणि प्लस-मायनस उलटवले की गाडी उलटी जाते. त्यामुळे एका लूपवर दोन गाड्या ठेवल्या की दोन्ही एकदम चालतात, एकदम थांबतात. डीसीसीत रुळांवर व्होल्टेज कायम पूर्ण असते, एचओला साधारण १४-१५ व्होल्ट आणि एनला त्याहून थोडे कमी. त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते. उलटण्याच्या वेळेतच निरोप दडलेला असतो. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० किंवा त्याहून लांब असेल तर ‘०’. इंजिनातला डिकोडर हे वाचतो आणि आपल्या पत्त्यावरचा हुकूम तेवढा पाळतो. अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेने जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून १९९०च्या दशकात हे प्रमाण ठरवले, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिने एकाच कमांड स्टेशनवर (रुळांना वीज आणि हुकूम पुरवणाऱ्या पेटीवर) चालतात.

नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. दोन नवी इंजिने एकदम हलली तर कारण हेच. पत्ता बदलताना दोन-तीन फुटांचा वेगळा, कुठेही न जोडलेला रुळाचा तुकडा वापरा आणि त्यावर एकच इंजिन ठेवा.

डीसी कंट्रोलर आणि डीसीसी एकाच मांडणीवर एकत्र ठेवू नका. ‘आतल्या लूपला जुना कंट्रोलर, बाहेरच्या लूपला नवा’ असे पुष्कळ जण विचारतात. दोन लूपना जोडणारा एकही सांधा (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा) असेल, तर इंजिन त्यावरून जाताना चाकांतून दोन्ही पुरवठे एकमेकांना भिडतात आणि कमांड स्टेशन जळू शकते.

जाड वायर कशासाठी

रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे आणि त्याचा विद्युतरोध तांब्याच्या दहा पटींहून जास्त असतो. शिवाय दर जोडावर फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी, येते. ती नवी असताना ठीक असते, पण पावसाळ्याच्या दमट हवेतून दोन वर्षे गेली की आत काळी पडते. एकाच ठिकाणी दोन वायरी जोडून पूर्ण लूप चालवायचा म्हणजे प्रत्येक फिशप्लेटच्या भरवशावर राहायचे.

त्याऐवजी प्रत्येक लूपच्या खालून दोन जाड वायरी फिरवा, एक लाल, एक काळी. ही बस. आठ बाय चार फुटांच्या फळीला दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते. खोलीभर मांडणी असेल तर घरच्या प्लगांसाठी इलेक्ट्रिशियन वापरतात ती अडीच स्क्वेअरची घ्या. बसपासून दर तीन फुटांवर अर्ध्या स्क्वेअरची बारीक वायर वर आणून रुळाला बाहेरच्या अंगाने सोल्डर करा. ही फीडर वायर एक फुटापेक्षा लांब नको. रूळ आधी पॉलिश कागदाने घासा, सोल्डरिंग आयर्न चांगले तापू द्या आणि पटकन उचला. रेंगाळलात तर स्लीपर वितळतात.

गाडी मंदावते हा बारीक वायरचा छोटा तोटा झाला. मोठा तोटा दिसत नाही. ५ अँपिअरचे कमांड स्टेशन शॉर्ट ओळखते ते प्रवाह त्यापुढे गेला तरच. १५ व्होल्टना ५ अँपिअर वाहायचे तर जाण्यायेण्याच्या वाटेचा एकूण रोध ३ ओहमपेक्षा कमी हवा. काळवंडलेल्या फिशप्लेट आणि बारीक वायर मिळून तो ४ ओहम झाला, तर डबा घसरून शॉर्ट झाल्यावरही पावणेचार अँपिअरच वाहतात. स्टेशनला वाटते, गाड्या जोरात चालल्या आहेत. ते पुरवठा तोडत नाही, आणि पन्नास वॅटहून जास्त उष्णता त्या वाटेवर, जिथे जोड कच्चा तिथे सर्वाधिक, निघत राहते. दोन सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून खोलीबाहेर गेल्यासारखेच ते. आमच्या स्वतःच्या पहिल्या मांडणीत असेच झाले. मागच्या वळणावर घसरलेल्या डब्याची बोगी (चाकांची चौकट) मऊ होऊन रुळाला चिकटली, आणि आम्हाला कळले ते वासावरून. तेव्हापासून खालची चाचणी झाल्याशिवाय आम्ही कोणतीही मांडणी ग्राहकाच्या ताब्यात देत नाही.

नाण्याची चाचणी

पुरवठा चालू करा, इंजिने उतरवून ठेवा. दोन रुपयांचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे टेकवा. कमांड स्टेशनने त्या क्षणी पुरवठा तोडला पाहिजे. नाणे उचला, पुरवठा परत येऊ द्या, दोन फूट पुढे जा. असे प्रत्येक लूपवर, प्रत्येक साइडिंगमध्ये, बोगद्याच्या आतसुद्धा. जिथे स्टेशन गप्प बसेल तिथे नाणे लगेच उचला आणि फीडर वाढवा. दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा करा.

लूप एकमेकांना जोडताना

एकात एक असलेल्या लूपचा नियम सोपा आहे : प्रत्येक लूपचा बाहेरचा रूळ लाल, आतला काळा. एका लूपला हे उलटे झाले तरी तो लूप एकटा बिनतक्रार चालतो, आणि चूक कळते ती गाडी सांध्यावरून दुसऱ्या लूपवर जाताना, शॉर्ट होऊन. म्हणून सांधे बसवण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक एका लूपच्या बाहेरच्या रुळाला, दुसरे दुसऱ्या लूपच्या बाहेरच्या रुळाला लावा. जवळजवळ शून्य दिसले पाहिजे.

खरी फसगत डमरूच्या आकारात होते. दोन टोकांना मोठी वळणे आणि मधे रूळ जवळजवळ, बघणाऱ्याला वाटावे की दुहेरी मार्ग आहे. पुष्कळांना हा आकार आवडतो, आम्हालाही. पण तो एकच लूप आहे, मधून चिमटलेला. त्या दोन जवळच्या मार्गांमध्ये सांधा टाकला की गाडी त्यावरून जाऊन त्याच रुळांवर उलट्या तोंडाने परतते आणि लाल रूळ काळ्याला मिळतो. नकाशावर शंका आली तर एक डबा घ्या, त्याच्या एका बाजूला रंगीत कागद चिकटवा आणि हाताने ढकलत सगळे मार्ग फिरवा. कुठल्याही वाटेने तो निघाल्या जागी उलटा होऊन आला, तर तिथे रिव्हर्सिंग लूप आहे. तो भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून वेगळा करा आणि त्याला लाल-काळे आपोआप उलटवणाऱ्या ऑटो-रिव्हर्सर मॉड्यूलमधून पुरवठा द्या. हा भाग तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. धातूच्या चाकांची गाडी दोन्ही टोकांवर एकाच वेळी आली तर मॉड्यूल गोंधळते.

एक घसरली तरी बाकीच्या चालू

मुलांसाठी मांडणी असेल तर प्रत्येक लूपला वेगळे इलेक्ट्रॉनिक ब्रेकर मॉड्यूल घ्याच. आतल्या लूपवर गाडी घसरल्यावर बाहेरची थांबायचे कारण नाही. लूप जोडणाऱ्या सांध्यांवर दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड घाला. बजेट कमी असेल तर प्रत्येक लूपच्या लाल वायरीत मोटारीच्या ब्रेक-लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एरवी तो विझलेला राहतो. शॉर्ट झाला की पेटतो, प्रवाह दोन अँपिअरच्या आत ठेवतो आणि उष्णता बोगीऐवजी बल्बमध्ये निघते. कमांड स्टेशन ३ अँपिअर किंवा मोठे असेल तरच याचा उपयोग. बल्ब लाकडापासून लांब ठेवा, तो चटका बसण्याइतका तापतो. नाण्याच्या चाचणीत या लूपवर स्टेशन तुटण्याऐवजी बल्ब लख्ख पेटला पाहिजे.

२३० व्होल्टची बाजू

अमेरिकेतल्या मामा-काकांनी आणलेला सेट प्लगमध्ये घालण्याआधी अ‍ॅडाप्टरवरचा मजकूर वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिले असेल तर पिन बदलून चालेल. फक्त १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. फळीखाली २३० व्होल्टची कोणतीही वायर फिरवू नका. तयार अ‍ॅडाप्टर बाहेर भिंतीपाशी, आणि तिथून आत फक्त कमी व्होल्टेज. वीज गेली तर मुख्य स्विच बंद करा आणि आल्यावर मिनिटभर थांबून चालू करा.

जुन्या डीसी सेटमधला पुरवठ्याचा रुळाचा तुकडा डीसीसीला वापरण्याआधी उलटा करून पाहा. त्यात बऱ्याचदा छोटा कपॅसिटर असतो आणि तो डीसीसीचा निरोप बिघडवतो. तो कापून टाका.

वायर, कनेक्टर, ब्रेक-लाइटचे बल्ब आमच्याकडूनच घ्या असे नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळे मिळते. आमच्याकडे येताना मांडणीचा हाताने काढलेला नकाशा, एका वेळी किती इंजिने चालवणार तो आकडा आणि सगळ्यात लांब गाडीची लांबी घेऊन या. लाल-काळे रूळ आणि कापायच्या जागा आम्ही त्याच नकाशावर खुणा करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.