आधुनिक स्पोर्ट्स कार देऊन बदल केलेली क्लासिक घेताना

अदलाबदलीचा विचार करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अदलाबदलीसाठी येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. हॉर्सपॉवर किती, कार्ब्युरेटर कोणते बसवलेत, सायलेन्सरचा आवाज कसा आहे. ही उत्सुकता आम्हाला समजते, तरी विनंती अशी की इंजिन सर्वांत शेवटी बघा. आधी पत्रा, मग ब्रेक, मग वायरिंग, मग कागदपत्रं.

कारखान्यातून आलेल्या आधुनिक गाडीत इंजिन, ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन एकमेकांना झेपतात की नाही, हे कंपनीने भरपूर चाचण्या घेऊन ठरवलेलं असतं. बदल केलेल्या क्लासिकमध्ये, म्हणजे वेगळे भाग बसवलेल्या जुन्या गाडीत, हा निर्णय कुठल्या तरी गॅरेजने किंवा आधीच्या मालकाने घेतलेला असतो. म्हणजे गाडीबरोबर तुम्ही त्या माणसाचं कामही विकत घेत असता. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत त्यामुळेच जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं.

काय मिळतं, काय जातं

पोर्श ९११ चं उदाहरण सोयीचं आहे, कारण ही गाडी १९६३ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि आजही बनते. सुरुवातीच्या ९११ चं वजन एक टनाच्या आसपास आणि टायर १६५ मिलिमीटर रुंद. आजची ९११ दीड टनाच्या घरात आहे, मागचे टायर जवळपास ३०० मिलिमीटरचे. वेग, पकड, ब्रेक, कशातही मोजा, नवी गाडीच पुढे राहील. पण तिची क्षमता सार्वजनिक रस्त्यावर वापरताच येत नाही. वेगमर्यादेत चालवली तर ती जेमतेम जागी होते. जुन्या हलक्या गाडीत पॉवर स्टीअरिंग नसतं, रस्त्याचा पोत थेट तळहातांना कळतो, आणि वळणावर टायर कुठे सुटायला लागतात हे माफक वेगालाच जाणवतं. गिअर नीट पडला तर तो तुमच्या हातामुळे पडलेला असतो. ज्यांना हे हवं आहे त्यांना आधुनिक गाडीत ते कितीही खर्च करून सापडत नाही, आणि म्हणूनच आम्ही हे काम करतो.

आता जाणाऱ्या गोष्टी. ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारं, आजच्या पद्धतीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये आलं, गाडी घसरताना सावरणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत कितीही बदल केलेले असले तरी बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात. ओल्या रस्त्यावर पॅडल जोरात दाबलं की चाकं लॉक होतात, आणि पुढची चाकं लॉक झाली की स्टीअरिंग फिरवून उपयोग नसतो. पाय थोडा उचलावा लागतो. ही सवय आधुनिक गाडीने मोडलेली असते. एअरबॅग नाहीत, अनेक गाड्यांत हेडरेस्टसुद्धा नाहीत. घरात हीच एकमेव गाडी राहणार असेल, रोजचं ऑफिस आणि मुलांची ने-आण तिच्यावरच असेल, तर अदलाबदल करू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

पत्रा

इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. गंजलेली बॉडी दुरुस्त करणं त्याहून कितीतरी वेळखाऊ, आणि वरून चकाचक रंग असेल तर दोष दिसतही नाही. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाडीत वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यात दरवाज्याखालच्या सिल गंजल्या तर गाडी मधोमध वाकू लागते. उघड्या टपाच्या गाडीत हे जास्तच, कारण वर छताचा आधार नाही.

तपासायची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करून दरवाजा आणि मागच्या पॅनेलमधली फट बोटाने चाचपा. मग जॅक लावायच्या जागेवर एक बाजू उचला आणि तीच फट पुन्हा बघा. फट कमी झाली, किंवा दरवाजा घासून उघडू लागला, तर सिल आतून गेलेली आहे. वरचा रंग कितीही सुंदर असो. त्यानंतर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकांच्या कमानींवरून आणि दरवाज्यांच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. पुन्हा रंगवलेली गाडी ३०० दाखवेल, त्यात वावगं काही नाही. १,००० च्या पुढे आकडा गेला की आम्ही गाडी लिफ्टवर चढवतो आणि खालून वेल्डिंग बघतो. ग्राहकानेही त्या वेळी लिफ्टखाली उभं राहावं, असा आमचा आग्रह असतो.

ताकद वाढली, ब्रेकचं काय?

बदल केलेल्या गाड्यांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे अर्धवट बदल. इंजिन दुसरं बसवलं, बाकी सगळं मूळचं राहिलं. वेग ताशी १०० वरून १४० झाला की गाडीतली गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि थांबताना त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. जुने ड्रम ब्रेक एकदा जोरात थांबवतील, उतारावर तिसऱ्या-चौथ्या वेळी पॅडल दाबूनही गाडी पुरती धरणार नाहीत. त्यामुळे वाढवलेल्या इंजिनासोबत पुढे डिस्क ब्रेक, योग्य मापाचा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेकच्या नळ्यांत दाब तयार करणारा भाग) आणि त्याला साजेसे टायर नसतील तर ती गाडी आम्ही विक्रीला ठेवत नाही.

मास्टर सिलिंडर एकेरी आहे की दुहेरी, हे आवर्जून विचारा. एकेरी सर्किटमध्ये एका चाकाची नळी फुटली तरी चारही ब्रेक जातात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ते नाही. मूळपणा जपण्याच्या हौसेखातर हा एक बदल टाळू नये, असं आमचं ठाम मत आहे.

रेडिएटर, क्लच, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांनाही हाच न्याय लागू. डॅट्सन २४०झेडसारख्या १९६९ च्या गाडीत नंतर कधीतरी बऱ्याच अलीकडच्या काळातलं इंजिन बसवलेलं दिसतं. असं इंजिन बॉनेटखाली मावलं म्हणजे काम झालं असं नाही. गर्दीत वीस मिनिटं उभी राहून तापमानाचा काटा जागचा हलत नसेल तर काम झालं.

वायरिंग

डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. एकसारखी गुंडाळलेली, क्लिपने बांधलेली हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, दिसली तर दिलासा. ठिकठिकाणी टेप, मध्येच जोडलेल्या परक्या रंगाच्या वायर, फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतलेलं कनेक्शन दिसलं तर थांबा. जुन्या गाड्यांना आग लागते ती बऱ्याचदा अशाच जागी किंवा पेट्रोलच्या जुन्या नळीपाशी. हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून इंजिन थोडं वाढवा आणि बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. अल्टरनेटर ठीक असेल तर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसेल. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत, सुरुवातीच्या एमजीबीतही, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. अशा गाडीत आजचा स्टिरिओ नेहमीसारखा जोडला तर तो जळतो.

पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या कडक आणि भेगाळ करतं. नळ्या बदलल्याची पावती नसेल तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून चाला.

आणि मग इंजिन

इंजिन थंड असताना सुरू होताना बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड होऊ द्या, घाई करू नका. चोक ओढून सुरू होणं, थोडा वेळ अडखळणं हे कार्ब्युरेटरचं नेहमीचं वागणं आहे. निळा धूर येत राहणं नेहमीचं नाही. चारही किंवा सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, पण सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का ते विचारा. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या यांत्रिक कॉन्टॅक्ट पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर ते चांगलंच आहे.

कागद आणि मूळ भाग

चॅसी नंबर गाडीवर आणि कागदावर एकच हवा. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद झालेली हवी. बदलांबाबतचे नियम जागोजागी वेगळे आहेत, म्हणून नोंदणी आणि विमा या दोन्हीची खात्री पैसे देण्याआधी करून घ्या. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा आणि ठरलेल्या किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत आधीच दोघांत ठरवून घेतलेला, विमा मागा. बाजारभावाच्या विम्यात गॅरेजने केलेल्या कामाची किंमत बहुधा धरली जात नाही.

काढून ठेवलेले मूळ भाग सोबत मागून घ्या: कार्ब्युरेटर, चाकं, स्टीअरिंग व्हील, सीट. पुढे कधी गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर हे भाग नव्याने शोधणं फार कठीण जातं. जो बदल उलटवता येतो तो आम्ही नेहमीच वरचढ मानतो. नवं काही बसवायला मूळ पत्रा कापलेला असेल तर गाडीची किंमत उतरते, काम कितीही सफाईदार असलं तरी.

टायरच्या बाजूवर DOT पुढे छापलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. क्लासिक गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी कडक होतात.

अदलाबदलीच्या दिवशी

तुमच्या आधुनिक गाडीचा भाव काढणं सोपं असतं: सर्व्हिस रेकॉर्ड, उरलेली वॉरंटी, बाजारातले चालू दर. क्लासिकचा भाव मात्र वर सांगितलेल्या सगळ्या तपासणीवर ठरतो. म्हणून आमच्याशी संबंध नसलेल्या एखाद्या जाणकाराकडून ती जरूर तपासून घ्या. आम्ही लिफ्ट मोकळी करून देऊ. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक भरताना हातात असलेले सगळे पैसे संपवू नका. पहिल्या वर्षात ब्रेक फ्लुइड, नळ्या, बुश, ग्रीसिंग असं काही ना काही निघतंच.

टेस्ट ड्राइव्ह किमान तासाभराची घ्या, त्यात थोडी गर्दी आणि थोडा चढ असू द्या.

तुमची गाडी देताना कर्जाची थकबाकी नसल्याचं पत्र, दोन्ही चाव्या, सर्व्हिस पुस्तिका आणि चाकांच्या लॉक नटची चावी आणा. ही चावी हमखास घरी राहते आणि तिच्याशिवाय चाक उघडत नाही. स्क्रीनवरून तुमचा फोन, घराचा पत्ता आणि साठवलेले संपर्क पुसून टाका, आणि कंपनीच्या ॲपमधून गाडी तुमच्या खात्यातून काढा. नाहीतर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे हे तुमच्या फोनवर दिसत राहील.