मुंबईतील संघटित गुन्हेगारी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत टोळ्यांनी उभी केलेली, शासनाच्या अधिकाराला समांतर अशी व्यवस्था. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे हातभट्टीचा आणि सोन्यावरील निर्बंधांमुळे तस्करीचा धंदा फोफावला; हाजी मस्तान, करीम लाला आणि वरदराजन मुदलियार ही त्या काळातील नावे. त्यांच्यानंतर दाऊद इब्राहिम, अरुण गवळी आदींच्या टोळ्या प्रबळ झाल्या. १९८२ चा गिरणी संप फसल्यावर गिरणगावातील काही बेकार तरुणही टोळ्यांकडे वळले.

टोळीयुद्धांची चर्चा अधिक झाली असली, तरी शासनाच्या अधिकाराला खोलवर पोखरले ते मांडवलीने, म्हणजे टोळीच्या म्होरक्याने घडवून आणलेल्या तडजोडीने. भाडेनियंत्रण कायद्याखालील जागा रिकामी करून घेण्याचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळत. त्यामुळे घरमालक, बांधकाम व्यावसायिक, उधारी अडकलेले व्यापारी अशी एरवी प्रतिष्ठित म्हणवली जाणारी मंडळीही आपण होऊन ‘भाई’कडे जात. भाई दोन्ही पक्षांना समोर बसवून रक्कम ठरवी, तीतून आपला हिस्सा कापून घेई आणि तो निवाडा मोडण्याची सहसा कोणाची छाती होत नसे. खंडणी व हप्ता हे एका अर्थी या व्यवस्थेचे करच होते. भायखळ्याच्या दगडी चाळीत दरबार भरवणारा गवळी २००४ मध्ये चिंचपोकळीतून विधानसभेवर निवडून आला. २०१२ मध्ये एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली.

१२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. त्यासाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि या प्रकरणी पुढे सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही जणही दोषी ठरले. ज्यांनी किनारा राखायचा तेच फितूर झाल्याचे त्यातून उघड झाले.

१९९० च्या दशकात पोलिसांनी चकमकींचा मार्ग धरला. त्याला लोकांची वाहवाही मिळाली, मात्र कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊन कायद्याचा वचक बसवण्याचा हा विरोधाभास शेवटी न्यायालयात पोहोचला : २००६ मधील एका बनावट चकमकीबद्दल २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांना जन्मठेप सुनावली. दरम्यान १९९९ मध्ये राज्याने महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच ‘मोक्का’, केला. अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य धरणे, विशेष न्यायालये आणि आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंतची मुदत या त्यातील कठोर तरतुदी होत. दिल्लीनेही २००२ मध्ये हा कायदा स्वीकारला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी हा देशभरासाठी स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आला आहे.